पर्यायावर खूण, पदवीवर शिक्का

शिक्षणक्षेत्रातील आपल्या धुरिणांना एक विलक्षण सिद्धी प्राप्त झाली आहे. आपत्ती आली की ‘तात्पुरती’ म्हणून एखादी तडजोड करावयाची आणि आपत्ती ओसरली की तीच तडजोड ‘सुधारणा’ म्हणून मखरात बसवावयाची. करोनाच्या साथीत परीक्षांचे जे झाले, ते या सिद्धीचे ठळक उदाहरण होय.

अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना परीक्षेविना उत्तीर्ण करण्याचा अधिकार राज्यांना नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२० रोजी दिला. त्यानंतर अल्पावधीत मुंबई विद्यापीठाला परीक्षा उभी करावी लागली. पनवेल-उरणपासून थेट सिंधुदुर्गापर्यंत पसरलेल्या या विद्यापीठाने कला, वाणिज्य व विज्ञान शाखांच्या विद्यार्थ्यांपुढे ५० गुणांची, एका तासाची, बहुपर्यायी ऑनलाइन प्रश्नपत्रिका ठेवली. चार पर्याय, एक खूण, पुढचा प्रश्न. विद्यापीठाच्या दूरस्थ शिक्षण संस्थेची परीक्षा तर सायबर हल्ल्यामुळे पुढे ढकलावी लागली. त्या दिवसांत प्राध्यापकांनी व कर्मचाऱ्यांनी जी धावपळ केली, तिला नावे ठेवण्याचा येथे हेतू नाही. घर पेटले असता पाण्याची भांडी कोणती हे कोणी पाहत नाही. आक्षेप आहे तो आग विझल्यानंतरच्या वर्तनावर.

साथ सरली; ऑनलाइन अध्यापन मात्र राहिले, नव्हे वाढले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार ‘स्वयम्’ या शासकीय मंचावरील अभ्यासक्रमांतून एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक मिळविता येतात. विद्यापीठे संपूर्ण ऑनलाइन पदव्या देऊ लागली आहेत. अध्यापनाची साधने अशी झपाट्याने बदलली, परंतु विद्यार्थ्याला काय विचारावयाचे, हा प्रश्न २०२० सालच्या त्या एका तासापाशीच अडून राहिला आहे. पडद्यावर शिकवा आणि पडद्यावर खूण करून घ्या, एवढ्यावर आपली शिक्षणक्रांती संपते.

एका गुणाचा इतिहास

अर्थशास्त्राच्या एखाद्या चाचणीत पुढील प्रश्न सहज येऊ शकतो: ‘सिडकोच्या भूसंपादनात जमीन गेलेल्या खातेदारास विकसित भूखंड किती टक्के दिला जातो?’ पर्याय चार. पनवेल तालुक्यातील चिंचपाडा, कोल्ही वा कोपर येथला विद्यार्थी ‘साडेबारा’ या पर्यायावर खूण करतो आणि एक गुण मिळवितो. त्या एका गुणात काय काय गडप झाले, हे पाहण्यासारखे आहे.

सिडकोची स्थापना १९७० ची. ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या नगरासाठी घेतल्या गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मा झाले. साडेबारा टक्क्यांची योजना त्या लढ्यातून आली. कोणा अधिकाऱ्याच्या औदार्यातून ती आलेली नाही. त्याच परिसरातील गावे पुढे विमानतळासाठी उठविली गेली आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या विमानतळाचे उद्घाटनही झाले. ज्याच्या आजोबांची जमीन गेली, त्या मुलाला हे सारे पुस्तकाहून अधिक ठाऊक असते. आपण मात्र त्याला विचारतो एका आकड्याविषयी, आणि त्याने तो ओळखला की म्हणतो, ‘याला विकासाचे अर्थशास्त्र आले.’

आता त्याच विद्यार्थ्याला निराळे काम द्या. ‘आपल्या गावातील दहा खातेदार निवड. जमीन केव्हा गेली, मोबदला किती मिळाला, भूखंड किती वर्षांनी हाती आला, आज तो कोणाच्या नावावर आहे, घरातील कोण कोणत्या कामावर आहे, याची नोंद कर. तेव्हाच्या मोबदल्याचे आजचे मूल्य किंमत-निर्देशांकाने काढ. विस्थापनाचा लाभ कोणाला झाला आणि भार कोणी वाहिला, यावर आपला निष्कर्ष पाच पानांत लिही.’ यासाठी त्याला वर्गात बसण्याची गरज नाही. हातातील साधा फोन पुरतो. सातबाऱ्याचे छायाचित्र, म्हाताऱ्या खातेदाराचे ध्वनिमुद्रण, हाताने आखलेला तक्ता, एवढ्या गोष्टी तो त्यावरून पाठवू शकतो. मग शिक्षकाने त्याला दहा मिनिटे फोनवर वा पडद्यावर गाठावे आणि विचारावे, ‘तिसऱ्या खातेदाराने भूखंड लगेच का विकला? तू हाच निर्देशांक का धरलास?’ त्याने स्वतः काम केले आहे की नाही, हे दोन प्रश्नांत कळते.

विषय याच तालुक्यात हवे तेवढे आहेत. दिवाळीनंतर आगाऊ उचल घेऊन वीटभट्टीवर जाणारी आणि पावसाच्या तोंडाशी परतणारी कातकरी कुटुंबे आहेत; वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ सालीच झाला, मग त्या उचलीच्या हिशेबाला काय म्हणावयाचे, हे विद्यार्थ्याने शोधावे. कळंबोलीचा पोलाद बाजार आहे. तेथील मालमोटारीच्या एका फेरीचा जमाखर्च मांडावा. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीतून कासाडी नदीत उतरणाऱ्या प्रदूषणाचा प्रश्न हरित न्यायाधिकरणापर्यंत गेला. ‘बाह्य परिणाम’ या संकल्पनेची व्याख्या पाठ करण्याऐवजी काठावरच्या कोळ्याचे उत्पन्न विचारावे. तारा गावी युसूफ मेहरअली सेंटरचे ग्रामोद्योग आहेत; घाणीच्या तेलाची किंमत आणि कारखान्यातील तेलाची किंमत यांतील फरकात मजुरीचा वाटा किती, हे काढावे.

पाश्चात्त्य शिक्षणशास्त्रात यालाच ‘ऑथेंटिक असेसमेंट’ म्हणतात. अमेरिकेतील ग्रँट विगिन्स यांनी १९८९ च्या सुमारास ही कल्पना हिरिरीने मांडली. आपण तिला अस्सल मूल्यमापन म्हणू. ज्या कामासाठी ज्ञान मिळवावयाचे, ते काम प्रत्यक्ष करावयास लावून त्या ज्ञानाची पारख करणे, एवढाच तिचा मथितार्थ. पोहणाऱ्याची परीक्षा पाण्यात घ्यावी, हे सांगावयास आपल्याला परदेशी पंडिताची गरज होती असे नाही.

ही उसनी विद्या नव्हे

हंटर आयोगापुढे १८८२ साली निवेदन देताना जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळेत मोडी, बाळबोध व हिशेब यांच्या जोडीला शेतीची प्राथमिक माहिती आणि नीती-आरोग्याचे धडे मागितले होते. कष्टकऱ्याच्या मुलाला त्याच्या जगण्यात उपयोगी पडेल ते शिकवा, ही ती मागणी. वर्ध्याच्या १९३७ च्या परिषदेतून नई तालीम पुढे आली; तिच्यात हाताने केलेले काम हेच ज्ञानाचे माध्यम होते. चरख्यावरचे सूत बरे-वाईट आहे हे सांगावयास तेथे प्रश्नपत्रिका लागत नव्हती.

खुद्द अर्थशास्त्राच्या अध्यापनातही हा धडा जुना आहे. मद्रास विद्यापीठात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आलेल्या गिल्बर्ट स्लेटर यांनी १९१६ च्या सुमारास आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती प्रश्नावली दिली आणि त्यांना आपापल्या गावांची पाहणी करावयास पाठविले. त्या नोंदींतून १९१८ साली दक्षिण भारतातील खेड्यांवरचा ग्रंथ सिद्ध झाला. पुढे १९३० च्या दशकात अर्थशास्त्रज्ञांनी त्याच गावांची फेरपाहणी केली आणि त्यानंतरही संशोधक तेथे जात राहिले. विद्यार्थ्यांनी गावी जाऊन केलेला अभ्यास पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडला! बहुपर्यायी प्रश्नांच्या कोणत्या उत्तरपत्रिकेची फेरपाहणी करावयास वीस वर्षांनी कोणी जाणार आहे?

‘हे समोरासमोरच्या शिक्षणात ठीक, दूरशिक्षणात कसे जमावे?’ असे ज्यांना वाटते त्यांनी श्रीपाद अच्युत दाभोलकर यांच्या प्रयोग परिवाराचे स्मरण करावे. गणिताचा हा प्राध्यापक शेतकऱ्यांकडे वळला. तासगावच्या परिसरातील द्राक्षबागायतदार आपापल्या बागेत प्रयोग करीत, नोंदी ठेवीत, परस्परांस कळवीत आणि एकमेकांचे निष्कर्ष तपासून पाहत. इंटरनेट नव्हते, विद्यापीठाचा शिक्का नव्हता. निकाल लागे तो वेलीवर. अंतर ही शिक्षणातील अडचण नसून, विद्यार्थ्याच्या पायाखालच्या जमिनीचा उपयोग करून घेण्याची संधी आहे, हे त्या शेतकऱ्यांनी दाखवून दिले. दूरस्थ विद्यार्थी वर्गात नसतो, म्हणजेच तो शेतात, कारखान्यात, दुकानात वा मोहल्ल्यात असतो. अर्थशास्त्राला याहून चांगली प्रयोगशाळा कोणती?

वस्तुनिष्ठता नावाची मखलाशी

या पद्धतीविरुद्ध पहिला आक्षेप घेतला जातो तो वस्तुनिष्ठतेचा. बहुपर्यायी प्रश्न यंत्र तपासते, तेथे पक्षपात नाही, असे सांगितले जाते. ही मखलाशी आहे. यंत्र खुणा मोजते हे खरे. परंतु कोणता प्रश्न विचारण्याजोगा आणि कोणता नाही, हा निर्णय यंत्राने घेतलेला नसतो. सहज मोजता येते तेवढेच विचारावयाचे आणि मग मोजणी अचूक झाली म्हणून पाठ थोपटून घ्यावयाची, याला वस्तुनिष्ठता म्हणत नाहीत. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली चलननीतीच्या संदर्भात दाखवून दिले होते की, एखाद्या मापाचा नियंत्रणासाठी वापर सुरू झाला की त्या मापाचा भरवसा ढासळतो. परीक्षेच्या गुणांना हे तंतोतंत लागू पडते.

दुसरा आक्षेप कॉपीचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅट-जीपीटी अवतरल्यापासून तर साऱ्यांनाच धडकी भरली आहे. यंत्र निबंध लिहून देते, मग गृहपाठावर विश्वास कसा ठेवावा? प्रश्न खरा आहे, परंतु त्याचा निष्कर्ष उलटा काढला जातो. ज्या प्रश्नाचे उत्तर यंत्र क्षणात देते, तो प्रश्न मुळातच निकृष्ट होता, एवढे या यंत्राने उघडे पाडले आहे. कोल्ही गावच्या तिसऱ्या खातेदाराने भूखंड का विकला, हे कोणत्याही यंत्राला ठाऊक नाही. ते त्या घरच्या ओटीवर बसूनच कळते. यंत्र भाषा सुधारून देईल, देवो बापडे. ओटीवर बसण्याचे श्रम मात्र त्याला घेता येत नाहीत, आणि खोटी माहिती रचणारा विद्यार्थी तोंडी प्रश्नांपुढे टिकत नाही.

यावर आपल्या व्यवस्थेने शोधलेला उपाय कोणता? कॅमेऱ्याची पाळत! एका खोलीच्या घरात राहणाऱ्या मुलीने आई-वडील आणि भावंडे यांना बाहेर काढावे, मान न हलविता पडद्याकडे पाहावे, आणि जोडणी तुटली तर नशिबाला बोल लावावा. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ साली देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी ४.४ टक्क्यांकडेच संगणक होता आणि १४.९ टक्क्यांकडे इंटरनेटची सोय होती. शहरांत हेच प्रमाण अनुक्रमे २३.४ व ४२ टक्के होते. त्यानंतर फोन घरोघर पोहोचले हे मान्य. पण घरात एक फोन आणि शिकणारी तीन भावंडे, हे गणित अनेक घरांत आजही सुटलेले नाही. घड्याळ लावून घेतलेली पडद्यावरची परीक्षा ज्ञानाइतकीच जोडणीचीही परीक्षा घेते. तीन आठवड्यांच्या मुदतीत करावयाचे काम वाडीवरच्या मुलीला जेव्हा रेंज मिळेल तेव्हा पाठविता येते. त्या कामात शहरी सधन मुलापेक्षा ती पुढे जाण्याचाही संभव आहे, कारण वीटभट्टीचा हिशेब तिच्या घरातला आहे.

एक आक्षेप, जो गंभीर आहे

एका आक्षेपाची मात्र वासलात लावून चालणार नाही, आणि तो आपल्याच बाजूने येतो. लेखी परीक्षेत आसनक्रमांक असतो, नाव नसते. ज्या समाजात आडनावावरून जात ओळखली जाते, तेथे परीक्षकाच्या नजरेआड राहणे हे दलित-आदिवासी विद्यार्थ्याचे एक संरक्षण आहे. शिक्षकाने विद्यार्थ्याला ओळखून, त्याच्याशी बोलून गुण द्यावयाचे ठरले, तर ते संरक्षण जाते. तोंडी परीक्षेत कोणाचे उच्चार ‘शुद्ध’ आणि कोणाचे ‘अशुद्ध’ ठरतात, हे आपण जाणतोच. शिवाय शिक्षकाच्या हाती सोपविलेले गुण फुगतात, हाही अनुभव आहे. २०२१ साली दहावीची लेखी परीक्षा रद्द करून अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लावला गेला आणि तो ९९.९५ टक्के लागला. आदल्या वर्षी तो ९५.३० टक्के होता.

हा धोका नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु त्यावरचा उतारा खुणांकडे परतणे हा नव्हे. लेखी अहवाल दुसऱ्या महाविद्यालयातील परीक्षकाने नावाविना तपासावा. तोंडी चर्चेला दोन शिक्षक असावेत आणि ती ध्वनिमुद्रित व्हावी. गुण कशाकशाला आणि किती, हे निकषपत्रक काम देतानाच विद्यार्थ्याच्या हाती असावे. त्यात भाषेच्या नागरीपणाला गुण नसावेत. निकालाविरुद्ध दाद मागण्याचा हक्क असावा. ऑनलाइन साधनांचा खरा उपयोग येथे आहे. पनवेलच्या विद्यार्थ्याचा अहवाल सावंतवाडीच्या प्राध्यापकाकडे एका क्षणात जाऊ शकतो. तंत्रज्ञान विद्यार्थ्यावर पाळत ठेवण्यासाठी वापरावयाचे की परीक्षकावर अंकुश ठेवण्यासाठी, हा निवडीचा प्रश्न आहे आणि ती निवड राजकीय आहे.

खरे दुखणे

मग हे होत का नाही? कोणी म्हणेल, इच्छाशक्ती नाही. हा गुळमुळीत शब्द बाजूला ठेवून हिशेब मांडू. वर्गात १२० विद्यार्थी आहेत. पाच पानांचा एक अहवाल नीट वाचून त्यावर शेरा लिहावयास २० मिनिटे धरली, तर ४० तास झाले. प्रत्येकाशी १० मिनिटे बोलावयाचे म्हणजे आणखी २० तास. एका वर्गाच्या एका कामाला ६० तास; असे तीन वर्ग असतील तर १८० तास. याउलट बहुपर्यायी चाचणी यंत्र तपासते, शिक्षकाचा वेळ शून्य. प्रश्नसंच एकदा तयार झाला की तो वर्षानुवर्षे फिरविता येतो.

आता हे १८० तास द्यावयाचे कोणी? महाविद्यालयांतील मंजूर पदे वर्षानुवर्षे रिक्त आहेत आणि त्यांवरचे अध्यापन तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांकडून करून घेतले जाते. त्यांना मोबदला मिळतो तो घेतलेल्या तासाचा. अहवाल वाचण्याच्या, विद्यार्थ्याला गाठण्याच्या वेळेचे मोल शून्य धरले आहे. नेट-सेट उत्तीर्ण, डॉक्टरेट मिळविलेले तरुण दोन-दोन महाविद्यालयांत धावून तास भरतात. त्यांनी रात्री जागून पाच-पाच पानी अहवाल फुकट वाचावेत, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची? बहुपर्यायी परीक्षा ही शैक्षणिक निवड नव्हेच. शिक्षकाच्या श्रमाचे पैसे वाचविण्याची ती युक्ती आहे.

शासनाकडे याचे उत्तर तयार आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात २०२३ पासून जी श्रेयांकरचना आली, तिच्यात क्षेत्र-प्रकल्प आहे, समाजसहभाग आहे, प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षणही आहे. कागदावर पाहिले तर अस्सल मूल्यमापनाचा विजयच! परंतु ज्याला हे प्रकल्प तपासावयाचे, तो शिक्षक नेमलेलाच नाही. मग तयार मजकुराच्या वह्या निघतात, ओळखीच्या दुकानदाराचा शिक्का उठतो, आणि कार्यप्रशिक्षणाच्या नावाखाली गरिबाचा मुलगा कुठेतरी बिनपगारी राबतो, तर सधनाचा मुलगा काकांच्या कचेरीतून प्रमाणपत्र आणतो. चांगल्या कल्पनेला शिक्षकाविना सोडले की तिचा असा निकाल लागतो. आणि पुन्हा तेच धुरीण म्हणावयास मोकळे की, ‘पाहा, प्रकल्प हे थोतांड आहे, खुणाच बऱ्या!’

शिक्षक संघटनांनीही येथे आत्मपरीक्षण करावे. वेतनश्रेणीच्या लढ्यात आपण जेवढे तावातावाने बोललो, तेवढे वर्गातील संख्येच्या आणि मूल्यमापनाच्या श्रमांच्या प्रश्नावर बोललो काय? अहवाल वाचण्याचा वेळ हा अध्यापनाचाच वेळ आहे आणि तो कार्यभारात मोजला गेला पाहिजे, ही मागणी पगाराइतकीच न्याय्य आहे. तिच्यामागे विद्यार्थी आणि पालकही उभे राहतील.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. पहिली, ऑनलाइन वा दूरस्थ कोणत्याही पदवी अभ्यासक्रमात निम्मे गुण तरी विद्यार्थ्याच्या स्वतःच्या परिसरातील कामाला असावेत. दुसरी, अशा कामासाठी एका शिक्षकामागे विद्यार्थ्यांची कमाल संख्या ठरवावी आणि तपासणीचे तास कार्यभारात धरावेत. तासिका तत्त्वावर असेल त्याला त्या तासांचे पैसे द्यावेत. तिसरी, रिक्त पदे पूर्णवेळ भरावीत. चौथी, नावाविना तपासणी, बाहेरचा परीक्षक आणि दाद मागण्याचा हक्क ही त्रिसूत्री बंधनकारक करावी. पाचवी, विद्यार्थ्यांचे चांगले अहवाल संबंधित ग्रामपंचायतीत वा महापालिकेच्या ग्रंथालयात ठेवावेत, म्हणजे ज्या लोकांनी माहिती दिली, त्यांना तिचे काय झाले हे कळेल.

या मागण्यांना पैसा लागेल, आणि तो कोठून आणावयाचा असे विचारले जाईल. ज्या तालुक्यात विमानतळाला आणि महामार्गांना पैसा मिळाला, तेथे अहवाल वाचणाऱ्या माणसाला मिळत नसेल, तर तो तुटवडा पैशाचा नव्हे, अग्रक्रमाचा आहे. विद्यापीठाच्या अधिसभेतील शिक्षक व पदवीधर प्रतिनिधींनी येत्या अर्थसंकल्पी बैठकीत एवढा एकच प्रश्न लावून धरावा: ऑनलाइन परीक्षांच्या यंत्रणेवर विद्यापीठ किती खर्च करते, आणि विद्यार्थ्याचे लिहिलेले वाचणाऱ्या शिक्षकावर किती? उत्तर आकड्यांत मागावे, आणि ते मिळेपर्यंत बैठक पुढे जाऊ देऊ नये.